बालकांचे कुपोषण आणि आईवरचा आरोप

आपल्या वस्तीतील एखादे मूल वाळू लागले, त्याचे पोट पुढे आले आणि हातपाय काड्यांसारखे दिसू लागले, म्हणजे गावातील शहाणी मंडळी पहिला प्रश्न कोणता विचारतात, हे आपणांस ठाऊक आहे. "ह्याची आई काय करते?" हाच तो प्रश्न. आई अडाणी आहे, आईला स्वच्छता कळत नाही, आई मूल टाकून मजुरीला जाते, आई दवाखाना सोडून भगताकडे जाते, आईला मुले फार झाली! हा आरोपांचा पाढा सरकारी कागदांत सभ्य भाषेत येतो आणि चावडीवर असभ्य भाषेत येतो, एवढाच काय तो भेद. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली आदिवासींची मुले पटापट दगावली, त्यास आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. समित्या नेमल्या गेल्या, योजनांची नावे बदलली, ठेकेदार बदलले. पाढा मात्र तोच राहिला.

ह्या आरोपाचा आज आम्ही समाचार घेणार आहोत. आणि त्यासाठी साक्षीला कोणा पुढाऱ्याला आणणार नाही. आमचे साक्षीदार आहेत मुलाच्या आतड्यात राहणारे जीवाणू.

जीवाणू म्हटले की रोग, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. जन्मतेवेळी मुलाच्या आतड्यात जीवाणूंची वसाहत जवळजवळ नसतेच. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती वसते, वाढते आणि मोठ्या माणसाच्या आतड्यासारखी होते. ह्या वसाहतीतील हितकारक जीवाणू मुलाला न पचणारे अन्न फोडून देतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि घातक जंतूंना जागा मिळू देत नाहीत. निसर्गाने ह्याची तजवीज आईच्या दुधातच करून ठेवली आहे. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की ज्या मुलाला स्वतःला पचत नाहीत. त्या केवळ ह्या जीवाणूंच्या पोषणासाठी असतात. म्हणजे जिला आपण अडाणी म्हणतो ती आई आपल्या छातीच्या दुधावर एक मूल तर पोसतेच, पण त्या मुलाच्या पोटातील असंख्य जीवही पोसते. आणि ह्या कामाची मजुरी तिला कोणत्याही हजेरीपटावर मिळत नाही.

आता मूळ आरोपाकडे वळू. आफ्रिका खंडातील मलावी ह्या गरीब देशात शास्त्रज्ञांनी जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्या घेतल्या आणि जन्मापासून तीन वर्षांची होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले. अमेरिकेतील सेंट लुईस येथील जेफ्री गॉर्डन व त्यांचे सहकारी ह्यांचे हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. अंगावर सूज आणणारा क्वाशिओरकोर नावाचा जो भयंकर कुपोषणाचा प्रकार आहे, तो कित्येक जोड्यांत एका मुलाला झाला आणि दुसऱ्याला झाला नाही. आई एक, झोपडी एक, चूल एक, गाडगे एक. तरी एक भाऊ सुजून पडला आणि दुसरा अंगणात खेळत राहिला. आईचे अज्ञान हेच जर कारण असेल, तर ते अज्ञान दोघांपैकी एकालाच कसे बाधले? ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या आरोपकर्त्यांनी अवश्य द्यावे.

शास्त्रज्ञांनी ते उत्तर मुलांच्या विष्ठेत शोधले. आजारी मुलाच्या आतड्यातील जीवाणू त्यांनी जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांच्या पोटात सोडले आणि त्या उंदरांना मलावीतील गरिबांचे रोजचे निकस अन्न दिले. उंदीर झपाट्याने वाळले. निरोगी भावाचे जीवाणू आणि तेच अन्न मिळालेले उंदीर तसे वाळले नाहीत. आजारी भावाचे जीवाणू मिळालेल्या उंदरांना मग शेंगदाण्याचे पौष्टिक अन्न दिले, तेव्हा ते सुधारले. परंतु पुन्हा जुन्या निकस अन्नावर आणताच ती सुधारणा टिकली नाही. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. वाईट जीवाणू आणि निकस अन्न ह्या दोघांनी हातमिळवणी केली, तेव्हाच उंदीर मरणाच्या दारी गेला.

पुढच्याच वर्षी, २०१४ साली, बांगलादेशातील मुलांविषयी दुसरा शोध प्रसिद्ध झाला. तीव्र कुपोषित मुलाच्या आतड्यातील वसाहत त्याच्या वयाच्या मानाने मागे राहिलेली, अपक्व असते, असे त्यात आढळले. मूल दीड वर्षाचे, पण त्याच्या पोटातील वसाहत त्याहून कितीतरी लहान मुलाची! औषधी आहार चालू असताना ती थोडी सुधारते, आणि आहार थांबल्यावर काही महिन्यांत पुन्हा मागे पडते. आपल्या अंगणवाडीत 'श्रेणी सुधारली' म्हणून ज्या मुलाचे नाव यादीतून काढले जाते, ते पावसाळा संपता संपता पुन्हा यादीत का येते, ह्याचे एक कारण येथे सापडते.

हे सर्व वाचून दोन प्रकारच्या लोकांना आनंद होण्याचा संभव आहे, म्हणून त्यांच्याशी आधीच दोन शब्द बोलले पाहिजेत.

पहिला प्रकार अधिकाऱ्यांचा. ते म्हणतील, "पहा, हा भुकेचा प्रश्नच नाही, हा जंतूंचा प्रश्न आहे." उपासमारीने मृत्यू झाला असे लिहिण्याची लाज ज्यांना वाटते, पण उपासमार होऊ देण्याची वाटत नाही, त्यांच्या हाती हे नवे हत्यार आम्ही पडू देणार नाही. वर सांगितलेला उंदीर त्यांनी ध्यानात ठेवावा. निकस अन्नावाचून तो वाळला नसता.

दुसरा प्रकार व्यापाऱ्यांचा. जीवाणू बिघडले काय? मग ही घ्या जीवाणूंची पुडी! औषधाला आमचा विरोध नाही. ओडिशाच्या ग्रामीण भागात साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगात हितकारक जीवाणू व त्यांचे खाद्य ह्यांच्या स्वस्त मिश्रणाने रक्तदोषाचे व त्यातून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण ज्या वस्तीत पिण्याचे पाणी आणि गटाराचे पाणी एकमेकांना भेटते, त्या वस्तीतील मुलाला सकाळी पुडी द्यावयाची आणि दुपारी तेच पाणी पाजावयाचे, ही फुटक्या घागरीत पाणी भरण्याची रीत झाली.

कारण घातक जीवाणू आकाशातून पडत नाहीत. ते माणसाच्या व जनावराच्या विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून हातात, हातातून मुलाच्या तोंडात जातात. आठ देशांतील मुलांच्या एका मोठ्या पाहणीत आपल्याकडील वेल्लोरच्या मुलांचाही समावेश होता. जुलाब मुळीच होत नसतानाही ज्यांच्या आतड्यात असे जंतू वारंवार सापडले, त्या मुलांची उंची खुंटली, असे त्या पाहणीत दिसले. आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीच्या धाग्यांसारखे जे बारीक अंकुर असतात आणि अन्नरस शोषून घेतात, ते ह्या सततच्या माऱ्याने बोथट होतात. आतड्याचे अस्तर पाझरू लागते. आणि मुलाच्या अंगी लागावयाची शक्ती जंतूंशी लढण्यातच खर्ची पडते. मूल आजारी दिसत नाही. ते फक्त वाढत नाही. आई त्याला भाकरी कुस्करून देते, वरण देते, आणि गाव म्हणते, "खायला घालत नाही."

तेव्हा प्रश्न आईच्या हातचा नाही. पाण्यावर सत्ता कोणाची, गटार कोणाच्या दारातून वाहते आणि विष्ठा कोणी उचलावयाची, हा तो प्रश्न आहे. ह्या देशात ह्या तिन्ही प्रश्नांना एक जुने नाव आहे आणि ते नाव जात असे आहे.

आमचे नामपूर (नागपूर नव्हे, हा मुद्रणदोष समजू नये) नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी वसले आहे. कांद्याची मोठी बाजारपेठ म्हणून ते ओळखले जाते. ह्या मोसम-आरमच्या खोऱ्यांत पाणीवाटपाची 'फड' नावाची पद्धत शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटावर पाटकरी, पिकावर जागल्या, आणि कोणाच्या शेताला केव्हा किती पाणी द्यावयाचे ह्याचा चोख हिशेब. अभ्यासक ह्या पद्धतीची वाखाणणी करतात आणि ती योग्यच आहे. पण एक गोष्ट त्या वाखाणणीत राहून जाते. फडाचे पाणी जमिनीला मिळत होते. ज्याला जमीनच नाही, त्याची पाळी त्या हिशेबात कोठे होती? उसाच्या मुळाशी पाणी किती वेळ राहावे ह्याचा विचार करणारी बुद्धी ह्या खोऱ्यात होती. गावकुसाबाहेरच्या घागरीत ते स्वच्छ यावे, हा विचार करण्याची तिला कधी गरज भासली नाही.

पाण्याच्या शुद्धतेविषयी ह्या समाजाची कल्पना काय होती, हे पाहावयाचे असेल तर महाडला जावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागे हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. माणसांच्या ओंजळीने तळे बाटले, म्हणून सनातन्यांनी त्यातील पाण्याच्या १०८ घागरी काढल्या, त्यांत शेण, गोमूत्र, दूध व दही कालवले आणि मंत्रघोषात ते तळ्यात परत ओतले. पिण्याच्या पाण्यात शेण कालवून ते शुद्ध झाले असे मानणारी ही मंडळी आज आमच्या आयाबहिणींना स्वच्छतेचे धडे देतात! सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्या दिवशीचे पाणी धरले असते, तर विटाळ कोणी केला, ओंजळीने की घागरीने, ह्याचा निकाल तेथल्या तेथे लागला असता. न्यायालयाच्या निकालासाठी मात्र १९३७ साल उजाडावे लागले.

ही कल्पना मेली असे कोणी समजू नये. शौचालयांचे उदाहरण घ्या. ग्रामीण भागासाठी दोन खड्ड्यांचे शौचालय हे स्वस्त आणि उत्तम साधन आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावयाचा. वर्ष-दोन वर्षांत पहिल्यातील मैल्याचे माती झालेले खत होते आणि ते कोणीही काढू शकतो. परंतु ते काढावयाचे कोणी? डायन कॉफी आणि डीन स्पिअर्स ह्या अभ्यासकांनी २०१७ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की, उत्तर भारतातील खेड्यांत शौचालय बांधून मिळाले तरी लोक उघड्यावर जातात, ह्याचे एक मोठे कारण हा खड्डा आहे. तो उपसणे म्हणजे भंग्याचे काम, आणि ते आपण करावयाचे म्हणजे जात गेली! मग खड्डा भरण्याच्या भीतीने शौचालय न वापरणे बरे. ओडिशात एका प्रयोगात गावांतील शौचालयांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर नेले, तरी मुलांचे जुलाब घटले नाहीत आणि उंची वाढली नाही. भिंती उभ्या राहिल्या. त्यांचा वापर मात्र पुरेसा झाला नाही. ज्या माणसाने स्वतःचा खड्डा उपसण्यापेक्षा गावच्या पोरांच्या पोटात जंतू जाऊ दिले, त्याला कोणी अडाणी आई म्हणत नाही.

उलट, आपल्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) वेगळा अनुभव आला. २००४ च्या सुमारास तेथे साठ गावे निवडून त्यांपैकी तीस गावांत स्वच्छतेची मोहीम कसून राबविण्यात आली. उरलेली तीस तुलनेसाठी ठेवली. पुढे मुलांची उंची मोजली, तेव्हा मोहीम झालेल्या गावांतील मुले सरासरीने अधिक उंच भरली. एका घराने नव्हे, गावाने पाऊल उचलले तर मुलाच्या हाडांवर त्याचा परिणाम दिसतो, ह्याला महाराष्ट्राच्या मातीतला हा पुरावा आहे.

प्रामाणिकपणे विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथे झालेल्या मोठ्या प्रयोगांत घरोघरी शौचालय, हात धुण्याची सोय आणि पाण्यात टाकण्याचे क्लोरीन दिले, तरीही उंचीत फरक पडला नाही, असे २०१८ व २०१९ साली जाहीर झाले. त्यावरून 'पाण्याचा आणि वाढीचा संबंध नाही' असा निष्कर्ष काही विद्वान काढू पाहतात. आम्ही त्यावरून निराळाच अर्थ घेतो. घराच्या उंबऱ्याच्या आत बाटलीभर क्लोरीन द्यावयाचे आणि उंबऱ्याबाहेर तोच उकिरडा, तेच गटार, तीच जनावरांची घाण राहू द्यावयाची, ही स्वस्तातली दया आहे. शहरातील श्रीमंताच्या मुलाला आई बाटलीतून क्लोरीन मोजून घालीत नाही. त्याच्या नळालाच शुद्ध पाणी येते आणि त्याचा मैला जमिनीखालून जातो. तेच आमच्या वस्तीला हवे.

आता अन्नाकडे येऊ. ढाक्याच्या मीरपूर भागातील झोपडपट्टीत एक ते दीड वर्षाच्या १२३ मध्यम कुपोषित मुलांवर झालेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. आतड्यातील हितकारक जीवाणू वाढावेत ह्या हेतूने एक आहार तयार केला होता. नेहमीच्या तयार पुरवणी आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी होते. तरी तीन महिन्यांत त्या मुलांच्या वजनाची वाढ अधिक वेगाने झाली. मुलांची संख्या लहान आहे आणि अजून बरेच तपासावयाचे आहे, हे खरे. तीव्र कुपोषित मुलाला दवाखान्यातून व पोषण पुनर्वसन केंद्रातून काढून कोणी घरगुती प्रयोग करू नयेत, हेही आम्ही बजावून सांगतो. परंतु त्या आहारात होते काय? हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी!

वाचकहो, ही चार नावे पुन्हा वाचा. ह्यांतील कोणती वस्तू महाराष्ट्रात पिकत नाही? हरभरा आमच्या बाया उपटतात, भुईमुगाच्या शेंगा आमच्या बाया तोडतात, सोयाबीनच्या गंजी आमची माणसे रचतात, आणि शेजारच्या खानदेशातून केळीच्या गाड्या भरून जातात त्याही आमच्याच खांद्यांवरून. ज्याच्या हातून हे सारे जाते, त्याच्या मुलाच्या आतड्याला ते मिळत नाही, म्हणून त्या मुलावर पुढे शास्त्रज्ञांना संशोधन करावे लागते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली ह्याच नाशिक-खानदेशच्या भागात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो कशासाठी होता हे अजूनही ज्यांना उमगले नसेल, त्यांनी ह्या चार नावांवर विचार करावा.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ खुरटलेली आणि २५ हून अधिक उंचीच्या मानाने वाळलेली आहेत. देशभरात अनुसूचित जाती-जमातींत खुरटलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के, तर स्वतःस वरचे म्हणविणाऱ्यांत सुमारे ३० टक्के आहे. तेथेही तीस आहे, हे विसरू नये. पाणी आणि माशी वेशीपाशी थांबून जात विचारीत नाहीत. दुसऱ्याच्या वस्तीत सोडलेला मैला फिरून आपल्या अंगणात येतोच.

राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी व सार्वजनिक जागा ह्यांच्या वापरात भेद करण्यास मनाई आहे; सत्तेचाळिसाव्या कलमात पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीचा मोफत आहार हा हक्क झाला. कुपोषित मुलाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळालीच पाहिजेत, असे त्याच कायद्याच्या परिशिष्टात २०१३ साली लिहिले होते. गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपये देण्याचेही त्यात लिहिले होते. २०१७ साली योजना आली ती पहिल्या बाळंतपणापुरती आणि ५,००० रुपयांची. कायद्याला कात्री लावून जो दिला जातो तो हक्क नव्हे, ती खिरापत होय, आणि आई मूल टाकून मजुरीला का जाते, ह्याचे उत्तर ह्या कात्रीत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाड्या त्वरित व्हाव्यात असे आदेश दिले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने तर ज्या वस्तीत सहा वर्षांखालील ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती देणे शासनावर बंधनकारक केले. आपल्यापैकी कितीजणांनी असा अर्ज केला? पुतळ्याच्या जागेसाठी आपण जितके अर्ज लिहिले, त्याच्या एक-दशांश तरी नळासाठी लिहिले काय? हा कडू प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्यांनी स्वतःलाही विचारला आहे.

तेव्हा प्रत्येक वस्तीतील मंडळाने हे करावे. ग्रामपंचायतीकडे जाऊन वस्तीच्या पाण्याच्या स्रोताला कोणते कार्ड मिळाले आहे, हिरवे, पिवळे की लाल, हे लेखी विचारावे. टीसीएल पावडर केव्हा आणली, ती कोठे ठेवली आहे आणि शेवटच्या नळावर क्लोरीनची तपासणी कोण करतो, हे विचारावे. टाकीजवळच्या पहिल्या नळावर केलेली तपासणी मान्य करू नये. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे; त्या पाचांत आपल्या वस्तीची स्त्री आहे की नाही, ते पाहावे. पाणी तपासण्याची लहान बाटली मिळते. तीत हातपंपाचे पाणी भरून दोन दिवस उबदार जागी ठेवावी. पाणी काळे पडले, तर ती बाटली तशीच उचलून ग्रामसभेत टेबलावर ठेवावी, इतिवृत्तात नोंद करावयास लावावी, आणि नोंदीची नक्कल घेतल्यावाचून उठू नये.